चाळीस वर्षांची पिढी

पाळकसाहेबांच्या निरोपाची तयारी चर्चच्या मंडळीनं इतक्या धडाक्यात चालवली होती, की बघणाऱ्याला वाटावं, माणूस रिटायर होत नाहीये, नवरदेव होतोय. खुर्च्या कुठून आणायच्या, फोटो कोण काढणार, कोणी किती मिनिटं बोलायचं, सगळं ठरलं. ठरवणारे अर्थातच सेक्रेटरी. या गृहस्थांना रेल्वेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण सगळ्या जगाला वेळापत्रकावर चालवायची खोड काही गेली नाही. कमिटीच्या बैठकीत त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "आता साहेबांसाठी एक सरप्राइज."

सरप्राइज म्हणजे पुस्तिका. पाळकसाहेबांनी तरुणपणी इस्राएलाच्या पुनःस्थापनेवर आठ धडे दिले होते. ते छापायचे आणि निरोपाच्या रविवारी घराघरात एकेक प्रत द्यायची.

"अहो, काय धडे होते ते!" सेक्रेटरी नव्या मेंबरांकडे वळून सांगू लागले. "बाकांवर जागा नसायची. मी खिडकीशी उभं राहून ऐकलेत. टिपणताईंकडे शब्द न् शब्द लिहिलेला आहे, त्या टाइप करून देतायत. गुरुवारी प्रेसला जाणार म्हणजे जाणार!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेबही हसले, हसणं भागच होतं. पण समोरचा चहा त्यांच्याच्यानं पिववला नाही. घरी जाईपर्यंत त्यांच्या डोक्यात एकच घोळत होतं, की टिपणताईनं शब्द न् शब्द लिहिलाय.

आता चहा का पिववला नाही, ते सांगायचं तर जरा मागं जायला हवं.

एकोणीसशे शहाऐंशी साली पाळकसाहेब एकतीस वर्षांचे होते. दाढी काळी, आवाज खणखणीत, आणि या चर्चमध्ये येऊन जेमतेम वर्ष झालेलं. त्या वयात माणसाला आपल्याला काहीतरी कळलंय असं वाटलं की मग काय विचारता! त्यांना कळलं होतं ते असं. इस्राएल देश अठ्ठेचाळीस साली पुन्हा उभा राहिला. जुन्या संदेष्ट्यांनी सांगून ठेवलं होतं की विखुरलेले लोक परत गोळा होतील, वाळक्या हाडांवर मांस चढेल, ती उठून उभी राहतील. झालं की नाही तसंच? मग अंजिराच्या झाडाचा दाखला घ्या. झाडाला पालवी फुटली की उन्हाळा जवळ आला असं ओळखायचं, आणि ही पिढी सरायच्या आत सगळं घडून येईल. झाड म्हणजे इस्राएल. पालवी म्हणजे अठ्ठेचाळीस साल. पिढी म्हणजे चाळीस वर्षं. करा बेरीज. पाचवीतलं पोरसुद्धा करील. अठ्ठ्याऐंशी साली प्रभू येणार!

हे गणित काही त्यांनी शोधून काढलेलं नव्हतं. तेव्हा ते कितीतरी व्यासपीठांवरून सांगितलं जात होतं. पण आमच्या पाळकसाहेबांइतकं रंगवून कोणी सांगत नसे. मंडळीतल्या शिंप्यानं सहा हात लांब पांढऱ्या कापडाच्या कडा शिवून दिल्या, आणि पाळकसाहेबांनी त्यावर काळाचा तक्ता रंगवला. डाव्या टोकाला एदेन बाग, उजव्या टोकाला नवं आकाश नि नवी पृथ्वी, आणि उजव्या टोकापासून चार बोटं अलीकडे लाल रंगात साल. माणसं उपासना संपल्यावरही त्या तक्त्यासमोर घोळका करून उभी राहायची. लोकांनी भांडणं मिटवली, दोन भावांनी वर्षानुवर्षांचा अबोला सोडला. त्या धड्यांनी काहीच चांगलं झालं नाही असं म्हणता येणार नाही, आणि पाळकसाहेबांनी स्वतःची समजूत घालायला पुढं याच दोन भावांना कितीदा तरी वापरलं.

पण चौथ्या धड्याच्या शेवटी, प्रश्न विचारायच्या वेळेला, शिंप्याची मुलगी उभी राहिली होती.

अठरा वर्षांची पोर. हुशार म्हणजे कशी, तर शाळेतले मास्तर वडिलांच्या दुकानात येऊन सांगायचे, हिला शिकवा. तिला मेडिकलला प्रवेश मिळाला होता. त्या मंडळीत तोवर कोणाच्याच मुलाला मिळाला नव्हता, मुलीचं तर सोडाच. तिनं दोन्ही हातांनी पुढच्या बाकाची कड धरली आणि विचारलं, "पाळकसाहेब, डॉक्टर व्हायला साडेपाच वर्षं लागतात. जाऊ का मी?"

पाळकसाहेबांनी वळून तक्त्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि म्हणाले, "बेटा, उरलीत दोन वर्षं. साडेपाच वर्षांनी तू डॉक्टर होशील, तेव्हा तुझ्याकडे यायला पेशंट कोण राहणार?"

सगळं चर्च हसलं. पोरही हसली. पाळकसाहेबांना आपलं उत्तर इतकं आवडलं की त्यांनी आणखी एक वाक्य जोडलं, "दोन वर्षांत पुरं होईल असं काहीतरी शीक, प्रभूच्या कामी येईल असं."

शिंप्याची छाती अभिमानानं फुगली. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः जाऊन प्रवेशाचं पत्र रजिस्टर पोस्टानं परत केलं. पोरीनं सहा महिन्यांचा शॉर्टहँडचा क्लास लावला. का, तर पाळकसाहेबांचे धडे लिहून ठेवायचे. झालेले चार तिनं साध्या लिपीत उतरवले होतेच, पण बोटं मोडून यायची. प्रभू येऊन आपल्याला घेऊन गेला की मागं जे राहतील, त्यांना काय झालं ते कळायला नको? म्हणून. दर रविवारी पहिल्या बाकावर बसून ती लिहायची. वह्या भरल्या की उपासनेच्या खोलीमागच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायची. जुन्या सेक्रेटरींनी एकदा पेटी उघडून बघितली आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, "अगं बाई, मागं राहिलेल्यांना शॉर्टहँड येणार आहे का?" मग ती दर शनिवारी बसून त्या वह्या टाइप करायला लागली. तेव्हापासून तिला टिपणताई नाव पडलं, ते आजतागायत.

अठ्ठ्याऐंशी आलं आणि गेलं. डिसेंबर संपला, जानेवारी लागला, नळाला पाणी येत राहिलं, दूधवाला येत राहिला. मंडळीतलं कोणी पाळकसाहेबांना काही विचारलं नाही, आणि तेच जास्त लागलं. त्यांनी धर्मशिक्षणाच्या कॉलेजातल्या आपल्या म्हाताऱ्या गुरुजींना पत्र टाकलं. उत्तर मार्चमध्ये आलं.

गुरुजींनी रागावायचं ते रागावून घेतलं होतं, पण थोडक्यात. पुढं लिहिलं होतं की, इस्राएलाच्या पुनःस्थापनेची वचनं भल्याभल्यांनी निरनिराळ्या तऱ्हांनी वाचली आहेत. कोणी म्हणतो, ती त्या भूमीबद्दल आणि त्या लोकांबद्दल अक्षरशः खरी आहेत. कोणी म्हणतो, ती ख्रिस्तात पुरी झाली आणि आता सगळ्या राष्ट्रांतून माणसं गोळा होतायत तीच पुनःस्थापना. कोणी प्रेषित पौलासारखं म्हणतो, की मूळ झाड यहुदी लोकांचं आहे, आपण रानटी फांद्या कलम करून लावलेल्या, तेव्हा फार मिजास करू नये, बाकीचं देवाचं गूढ आहे. 'यातलं कोणतं खरं ते मीही छातीठोकपणे सांगणार नाही. पण हाच प्रश्न शिष्यांनी प्रभूला तोंडावर विचारला होता, राज्य आता परत देणार का म्हणून. त्यांना काळवेळ सांगितली नाही, कामाला लावलं. तुला साल कोणी सांगितलं?'

पाळकसाहेबांनी ते पत्र चार वेळा वाचलं आणि त्यांना कळून चुकलं. नुसती बेरीज चुकली नव्हती. मरणाच्या दारातून परत आलेली यहुदी माणसं, त्याच भूमीवर घरादाराला मुकलेली अरब माणसं, सगळी हाडामांसाची, आणि पाळकसाहेबांनी त्यांचं काय केलं होतं, तर भिंतीवरचं घड्याळ. काटे कुठं आले तेवढं बघायचं. त्यांना स्वतःची शिसारी आली.

त्यांनी तक्ता गुंडाळून कपाटामागं टाकला. रविवारी व्यासपीठावरून सगळं सांगून टाकायचं ठरवलं, कागदावर मुद्देही काढले. उभे राहिले, समोर बघितलं. पहिल्या बाकावर टिपणताई, वहीवर पेन्सिल टेकवून, तोंडाकडे बघत होती. पाळकसाहेबांनी कागद खिशात ठेवला आणि एक स्तोत्र उघडलं. त्यावर इतकं सुंदर बोलले की बाहेर पडताना लोकांनी हात हातात घेऊन सांगितलं. पुढच्या रविवारी सांगू, असं त्यांनी मनाशी म्हटलं. तो पुढचा रविवार पस्तीस वर्षं आला नाही.

दुसऱ्या एका गावचा उपदेशक, सबंध यरुशलेम इस्राएलच्या हाती आलं ते सदुसष्ट साल धरून, तिथून नवी चाळीस वर्षं मोजायला लागला. पाळकसाहेबांनी निदान ते केलं नाही. ते त्या विषयावर बोलायचेच बंद झाले. लोकांना वाटलं, धडे संपले. एखाद्या विषयावर मूग गिळून बसणं आणि तो विषय संपणं, बाहेरून दोन्ही अगदी सारखं दिसतं.

तर मंगळवारी सकाळी सेक्रेटरींनी टाइप केलेला गठ्ठा घरी आणून टाकला. "नजर घाला साहेब, उद्या संध्याकाळी घेऊन जातो," म्हणाले आणि घड्याळ बघत निघून गेले.

पाळकसाहेब जेवणाच्या टेबलाशी बसले. आधी चौथा धडा काढला. धीरच नव्हता. शेवटच्या पानावर आले. प्रश्न होते. सुताराचा प्रश्न होता, शाळेच्या शिपायाचा होता. शिंप्याच्या मुलीचा नव्हता. त्यांनी पान उलटून बघितलं, मागंपुढं बघितलं. नव्हता म्हणजे नव्हता. मग पहिल्यापासून वाचायला घेतलं. अंजिराचं झाड होतं, हाडांचं खोरं होतं, परत येणारे लोक होते. साल कुठंच नव्हतं. चाळीस नव्हते, अठ्ठ्याऐंशी नव्हतं. 'प्रभू लवकर येणार आहे' एवढंच. हे तर कोणीही कधीही म्हणतं.

पाळकसाहेबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी खुर्चीला पाठ टेकली आणि मोठ्यांदा म्हणाले, "सुटलो बुवा!"

"कशातून?" पाळकीणबाई आतून भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

सांगावं लागलं. पाळकीणबाई ताट घेऊन बाहेर आल्या, समोर बसल्या. त्या धड्यांच्या वेळी त्या सव्वीस वर्षांच्या होत्या आणि तक्ता टांगायला स्टुलावर त्याच चढायच्या. त्यांनी पानं चाळली.

"हे कोणी गाळलं? सेक्रेटरींनी?"

"त्यांना सुचतंय का एवढं? तिनंच गाळलं असणार."

"टिपणताईनं?" पाळकीणबाईंचा हात थांबला. "अहो, ती कोणी शिंकलं तरी लिहून ठेवते. आपल्या धाकट्याच्या नामकरणाच्या टिपणात 'बाळ रडले, दोन मिनिटे थांबलो' असं लिहिलंय तिनं. तिनं गाळलं?"

पाळकसाहेबांनी होकारार्थी मान हलवली.

"आणि तुम्ही म्हणताय, सुटलो." पाळकीणबाईंनी पानं नीट जुळवून त्यांच्यासमोर ठेवली. "तिनं तुमची लाज राखली, तिची सगळी जिंदगी गेली तरी. आणि तुमच्या तोंडात पहिला शब्द काय आला?"

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते काय, ते पाळकसाहेबांना त्या टेबलाशी कळलं. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, शेकडो लोकांची पापं कानांनी ऐकून त्यांना धीर दिलेला, आणि बायकोकडे मान वर करून बघवेना. गठ्ठा पिशवीत घालून ते तसेच बाहेर पडले. ठरवलं की तिला सांगायचं, माझी चूक होती, साल परत घाल, तुझा प्रश्न परत घाल, लोकांना वाचू दे. एवढं केलं की झालं. वाटेत त्यांना जरा बरंही वाटायला लागलं.

टिपणताई मोठ्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात होती, चौतीस वर्षं. तळमजल्यावर क्ष-किरण विभागाच्या पलीकडे लांबट खोली, छतापर्यंत फायली, आणि दाराजवळच्या टेबलावर ती, कानाला हेडफोन, समोर कॉम्प्युटर. डॉक्टर वरच्या मजल्यांवर बोलायचे, त्यांचं बोलणं हिच्या कानात यायचं आणि हिच्या बोटांतून कागदावर. कोणाचं काय काढलं, काय शिवलं, कोणाला कधी घरी सोडलं. पाळकसाहेब पेशंटांसाठी प्रार्थना करायला या हॉस्पिटलात शेकडो वेळा आले होते. या दारावरून ते दर वेळी जरा भरभर चालत जात.

ते आले तेव्हा ती फोनवर होती. "डॉक्टर, गोळी पाच मिलिग्रॅम की पन्नास? तुम्ही पन्नास म्हणालात... नाही, मी पाच कशी लिहीन? तुम्ही पन्नास म्हणालात म्हणून तर फोन केला... पाच. बरं. तेवढं परत बोलून पाठवा, मग लिहिते." तिनं फोन ठेवला, वर बघितलं आणि पटकन उठून उभी राहिली. "साहेब! तुम्ही इथं? घरी सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. बस, बस." त्यांनी पिशवीतून गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. "हे वाचलं. यात काही गोष्टी नाहीयेत."

ती बसली. पंचावन्न-छप्पनची बाई, केस बहुतेक पिकलेले, चष्मा दोरीनं गळ्यात. तिनं पानांवर हात ठेवला, पण उघडून बघितलं नाही.

"तुमचा निरोप आहे," ती म्हणाली. "नवी पोरं आहेत मंडळीत. हसली असती. सेक्रेटरींना काही कळत नाही, त्यांना नुसता उत्साह. म्हटलं, कशाला?"

"तू कधी कोणाचा शब्द बदलत नाहीस."

"नाही बदलत. चौतीस वर्षांत हा पहिलाच." ती जराशी हसली. "आणि साहेब, त्यात तुमचं एकट्याचं काय होतं? तुम्हाला वाटलं, मलाही वाटलं. आपण दोघांनीही मनापासून धरलं होतं ते. तुम्ही वाट बघितलीत तशी मीही बघितली. कोणी कोणाला फसवलं नाही. मग तुमचं एकट्याचं हसं का व्हावं?"

हे ऐकलं आणि पाळकसाहेबांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तिनं त्यांना आपल्याबरोबर धरलं होतं! इतकी वर्षं तिच्या हिशेबी ते तिच्याच बाकावर बसून वाट बघत होते.

"साल परत घाल," ते म्हणाले. "तुझा प्रश्न आणि माझं उत्तर, दोन्ही परत घाल. आणि पुढं माझ्या नावानं एक पान जोड. मी सांगतो, तू लिही. मी स्वतः लिहायला बसलो तर गुळगुळीत करून टाकीन, मला माहीत आहे."

तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं. मग खणातून वही काढली, पेन्सिल काढली, चष्मा चढवला. "सांगा."

ते सांगायला लागले. "आमच्याकडून त्या काळी शास्त्राचा अर्थ लावण्यात घाई झाली."

"आमच्याकडून?" तिनं वर न बघता विचारलं. "कमिटी होती का?"

"माझ्याकडून. माझ्याकडून लिही." त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. "मी देवाच्या वचनातून साल काढलं. ते काढायचा अधिकार मला नव्हता. एका सबंध समाजाच्या सुखदुःखाचं मी गणित केलं. त्या गणितावर विसंबून मंडळीतल्या एका मुलीनं डॉक्टर व्हायचं सोडलं, आणि मी तिला हसत हसत ते सोडायला सांगितलं."

पेन्सिल चालत राहिली. तिचा चेहरा जसाच्या तसा होता. डॉक्टरांनी कोणाचं काय काढलं हे लिहिताना असेल तसा.

"पुढं काळाच्या ओघात मला माझी चूक उमगली," पाळकसाहेब म्हणाले.

"काळाच्या ओघात म्हणजे कधी?"

"लिही ना तसंच."

"तसं नाही साहेब, पुढं कोणी वाचलं तर विचारील. साल तरी लागतं. दहा वर्षांनी, वीस वर्षांनी, काय घालू?" ती अगदी साधेपणानं विचारत होती. तिच्या कामात हे रोजचं होतं.

इथं त्यांना खोटं बोलता आलं असतं. वीस, असं म्हटलं असतं तर तिनं वीस लिहिलं असतं. पत्र पाठवणारे गुरुजी केव्हाच वारले होते, पाळकीणबाईंनी कधी कोणाला सांगितलं नसतं. पाळकसाहेबांनी तोंड उघडलंही. पण समोर तिची पेन्सिल वहीला टेकलेली होती आणि ती तोंडाकडे बघत होती.

"एकोणनव्वद," ते म्हणाले.

पेन्सिल हलली नाही.

"एकोणीसशे?" तिनं विचारलं.

"हो."

"म्हणजे लगेच?"

"लगेच. गुरुजींचं पत्र आलं होतं. त्याच आठवड्यात मला कळलं. सांगायला उभाही राहिलो होतो. नाही सांगितलं. लाज वाटली. आणि मग... मग सांगायचं राहूनच गेलं."

वरच्या मजल्यावरून कोणाचं तरी बोलणं तिच्या हेडफोनात बारीक आवाजात चालू होतं. तिनं हात लांब करून ते बंद केलं.

"महिना कोणता?"

"मार्च."

तिनं चष्मा काढला. बोलली तेव्हा आवाज चढलेला नव्हता, उलट जरा खालीच गेला होता. "मला वाटत होतं, उशीर होतोय. हिशेब वर्ष-दोन वर्षांनी इकडेतिकडे झाला असेल. तुम्ही काही बोलत नव्हता, म्हणजे तुम्हीही थांबलायत. म्हटलं, एवढ्याशासाठी कोण पुन्हा पुस्तकं उघडतंय. बाबा म्हणाले होते एकदा, फॉर्म भरून बघ म्हणून. त्यांचं मन बदललं होतं. मीच त्यांना म्हटलं, पाळकसाहेब अजून धरून आहेत, आपण कसं सोडायचं?"

पाळकसाहेबांनी टेबलाची कड धरली.

"मार्चमध्ये मी एकवीस वर्षांची होते, साहेब. फॉर्म मे महिन्यात निघायचे."

माफ कर, असं म्हणायला ते पुढं झुकले, पण तिनं हात वर केला. रागानं नाही. डॉक्टर फार भरभर बोलायला लागले की करीत असेल तसा. मग चष्मा परत चढवला, वही सरळ केली आणि त्यांच्यासमोर एक ओळ लिहिली. खाली तारीख असावी तशी छोटीशी खूण केली. त्यांना शॉर्टहँड येत नव्हतं.

"काय लिहिलंस?"

तिनं वाचून दाखवलं, अगदी सपाट आवाजात. "माझी चूक मला मार्च एकोणीसशे एकोणनव्वदमध्ये कळली. मी ती कोणाला सांगितली नाही."

"हेच," पाळकसाहेब म्हणाले.

"हे छापून द्यायचं नाही, साहेब. छापलेलं लोक घरी नेऊन कपाटात ठेवतात." तिनं पेन्सिलीचं टोक बघितलं, खणातून दुसरी काढली. "रविवारी तुम्ही उभं राहून वाचायचं. मी पहिल्या बाकावर असेन. आज संध्याकाळपर्यंत टाइप करून देते, एक शब्द इकडचा तिकडं होणार नाही."

दारात एक नर्स फायली घेऊन आली, दोघांकडे बघून घुटमळली. टिपणताईनं तिला बोटानं कोपऱ्यातलं टेबल दाखवलं, नर्स फायली ठेवून गेली.

"हं," टिपणताई म्हणाली. "पुढं सांगा."